कलापदवीचे मोजमाप कागदांच्या थप्पीने होऊ नये

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

बारावीचे निकाल लागले की आपल्या दैनिकासह सर्वच वर्तमानपत्रांत ‘पुढे काय?’ या प्रश्नाची उत्तरे देणारी सदरे सुरू होतात. अभियांत्रिकीला पान मिळते, वैद्यकीयला पान मिळते आणि ललित कलेच्या पदवीला, म्हणजे बीएफएला, एका चौकटीत चार ओळी मिळतात : कालावधी चार वर्षे, प्रवेश परीक्षेद्वारे, चित्रकलेची आवड व कल्पकता आवश्यक. यात चुकीचे काही नाही. मात्र ती चौकट वाचून माझ्याकडे चौकशीला येणारे पालक दरवर्षी एकच प्रश्न विचारतात : “सर, चार वर्षं नुसती चित्रंच काढायची का?” मी बत्तीस वर्षे कला महाविद्यालयांत रेखा व रंगकला हा विषय शिकवला, वर्षाअखेरीस परीक्षक म्हणून अनेक गावे पालथी घातली आणि आता निवृत्त झालो आहे. या पदवीसाठी विद्यार्थ्याला वर्षभर कोणते काम करावे लागते आणि त्या कामाचे वजन आज आपण कोणत्या काट्यावर करतो, याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते, कारण माझ्या मते तो काटाच चुकला आहे.

पहिले वर्ष पायाभूत असते. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांत ‘अ’ श्रेणी मिळवून आलेल्या मुलाला पहिला धक्का इथेच बसतो. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे सगळे त्याने केलेले असते. तांब्यावर उजेड कुठून येतो आणि सावली कुठे पडते, हे त्याला पाठ असते. महाविद्यालयात मात्र पांढऱ्या चादरीवर पांढरा मग, दोन अंडी आणि एक गुंडाळलेला कागद ठेवून त्याला सांगतात की, हे सगळे पेन्सिलीने वेगवेगळे करून दाखव. तो दोन दिवस कडेच्या रेषा गडद करत बसतो. तिसऱ्या दिवशी शिक्षक त्याला रेषा पुसायला लावतात. चौथ्या दिवशी कधीतरी त्याला दिसते की अंड्याची सावलीतली बाजू चादरीपेक्षा काळपट आहे, पण मगाच्या आतल्या पोकळीपेक्षा उजळ आहे, आणि खुद्द पांढरा रंग समोर जवळजवळ कुठेच नाही. हे चार दिवस म्हणजे या पदवीचा पहिला धडा. निकालात त्याचा एकच कागद दिसतो, तोही फार देखणा असतो असे नाही.

याच वर्षी यथार्थदर्शन, म्हणजे सपाट कागदावर जवळ-दूरचे अंतर दाखवण्याची रीत, असते, द्विमित आणि त्रिमित संकल्पन असते, रंगसिद्धांत आणि अक्षरलेखन असते. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत नऊ पायऱ्या मिसळून त्या सपाट, ब्रशचा ओरखडा न उठता, चौकटीबाहेर न जाता भरायच्या, हे काम पोस्टर कलरमध्ये करताना मुले अक्षरशः रडकुंडीला येतात. पालकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. ज्याने ते इमानाने केले आहे, तो पुढे आयुष्यभर सावली रंगवण्यासाठी काळ्या रंगाच्या ट्यूबकडे हात नेत नाही, एवढेच मी सांगू शकतो.

दुसऱ्या वर्षापासून वाटा फुटतात : कोणी शिल्पकलेकडे जातो, कोणी उपयोजित कलेकडे, कोणी वस्त्रकला, मातकाम किंवा अंतर्गत सजावटीकडे. मी ज्या विभागात होतो तिथे हेडस्टडी (समोर बसलेल्या व्यक्तीचा चेहरा पाहून रंगवणे), लाइफ (समोरच्या व्यक्तीची पूर्ण आकृती काढणे), रचनाचित्र, निसर्गचित्र आणि मुद्राचित्रण (छापून काढलेली चित्रे) हे विषय असतात. जोडीला कलेचा इतिहास आणि सौंदर्यशास्त्र यांच्या लेखी परीक्षा असतात. शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याने स्वतःचा विषय शोधून त्यावर चित्रमालिका करायची असते आणि एक प्रबंधिका लिहायची असते. मुद्राचित्रणाच्या वर्गात जस्ताचा पत्रा घासायचा, त्यावर लेप द्यायचा, सुईने रेखाटायचे, आम्लात बुडवायचा, शाई भरायची, पुसायची आणि भिजवलेला कागद दाबयंत्रातून काढायचा, एवढे सगळे झाल्यावर पहिली प्रत हमखास बिघडते. कॅनव्हास ताणणे, खळ देणे, पॅलेट साफ करणे, टर्पेंटाइनचा वास घरी घेऊन जाणे आणि त्यावरून आईची बोलणी खाणे हेही अभ्यासक्रमातच धरायला हवे.

आता हेडस्टडीचा हिशेब मांडतो, कारण माझे म्हणणे त्या हिशेबावरच उभे आहे. वर्गात मॉडेल म्हणून बसणारी व्यक्ती बहुधा मंडईतली एखादी आजी किंवा निवृत्त पहारेकरी असते. ती वीस-पंचवीस मिनिटे बसते आणि दहा मिनिटे पाय मोकळे करते. तीन तासांच्या बैठकीत प्रत्यक्ष पाहून काम करायला सव्वादोन तास मिळाले तर नशीब. तैलरंगात एक बऱ्यापैकी हेडस्टडी व्हायला अशा चार बैठका लागतात, म्हणजे वेळापत्रकातले बारा तास. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांसाठी जी श्रेयांकाची, म्हणजे क्रेडिटची, चौकट जाहीर केली, तिच्यात व्याख्यानाचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास म्हणजे एक क्रेडिट असे सूत्र आहे. हेडस्टडीला चार क्रेडिट दिले असे धरले, तर सत्रात १२० तास मिळतात आणि कागदावर दहा हेडस्टडी सहज होतात. प्रत्यक्षात पंधरा आठवड्यांच्या सत्रातून गणपती-दिवाळीच्या सुट्या, अंतर्गत लेखी परीक्षा, सबमिशनचा आठवडा आणि वार्षिक प्रदर्शनाची मांडामांड वजा केली की माझ्या अनुभवात अकरा आठवडे उरत. आठवड्याला आठ तास या दराने ते ८८ तास झाले. सातव्या हेडस्टडीचे शेवटचे हात मारता मारता सत्र संपते. मागणी मात्र दहाचीच राहते.

उरलेली तीन हेडस्टडी कुठून येतात, हे प्रत्येक कलाशिक्षकाला ठाऊक आहे. ती मोबाइलमधून येतात. मॉडेलचा फोटो काढला जातो, तो खोलीवर पडद्यावर मोठा केला जातो आणि त्याच्यावरून रात्री दोन वाजेपर्यंत ‘काम उरकले’ जाते. फोटोवरून केलेले काम परीक्षकाला लांबूनच ओळखू येते : सावलीतले रंग मेलेले असतात, कान आणि नाक एकाच स्पष्टतेने काढलेले असतात, मान खांद्यात नीट बसलेली नसते. ओळखू आले, तरी त्यासाठी गुण कमी करण्याची सोय गुणपत्रकात नसते.

याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण मला स्केचबुकांच्या तपासणीत मिळाले. एका वर्षी परीक्षक म्हणून फिरताना दोन वेगवेगळ्या जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या स्केचबुकांत मला एकच बैल भेटला. मान खाली घातलेली, एक शिंग टोकाशी मोडलेले, पाठीमागे छकड्याचे अर्धे चाक. दोन्ही मुलांनी तो इंटरनेटवरच्या एकाच छायाचित्रावरून उतरवला होता, यात शंका नव्हती. त्यांतले एक महाविद्यालय ज्या गावात आहे, तिथे गुरांचा आठवडी बाजार भरतो आणि तो महाविद्यालयापासून चालत दहा मिनिटांवर आहे. मी त्या मुलाला विचारले, “अरे, बाजार एवढ्या जवळ असताना बैल मोबाइलवरून का काढलास?” तो न घाबरता म्हणाला, “सर, बाजार शनिवारी असतो आणि शनिवारी आमचं प्रॅक्टिकल असतं. आणि स्केचेस शंभर हवी होती.” माझ्या हातातल्या तपशीलपत्रात स्केचबुकाखाली ‘संख्या’ आणि ‘सफाई’ असे दोनच रकाने होते. संख्या पूर्ण होती, सफाई उत्तम होती. मी त्याला २० पैकी १७ गुण दिले आणि खाली सही केली.

ही तक्रार त्या मुलाविरुद्ध नाही, हे सुज्ञ वाचकांच्या लक्षात येईलच. त्याने व्यवस्थेचा अर्थ अचूक लावला होता. जिवंत बैल हलतो, शेपटी मारतो, मालक मध्ये येतो, पाऊस येतो. चार तासांत सहा अपुरी रेखाटने हाती लागतात आणि त्यांतली चार वाईट असतात. त्या चार वाईट रेखाटनांतच बैलाचा खांदा कसा उतरतो, वजन पुढच्या पायांवर कसे येते, हे डोळ्यांना कळते. आमच्या रकान्यात अपुऱ्याला शून्य किंमत, आणि मोबाइलवरून गिरवलेल्या पुऱ्याला पूर्ण किंमत.

येथे कोणी म्हणेल की, हा म्हातारा जुन्या पद्धतीचे गोडवे गाण्यासाठी पत्र लिहीत आहे. तसे नाही. मी स्वतः जी. डी. आर्ट या जुन्या शासकीय कला पदविकेचा विद्यार्थी. त्या पद्धतीत वर्षभर काय केले याला निकालात जवळपास स्थान नव्हते. वर्षाअखेरची परीक्षा हाच निवाडा. माझ्या वर्गातला, हात आमच्या सर्वांपेक्षा सरस असलेला एक मित्र नेमका परीक्षेच्या आठवड्यात टायफॉइडने पडला आणि त्याचे वर्ष गेले. तो परत आलाच नाही, त्याने वडिलांचे किराणा दुकान सांभाळले. वर्षभराच्या कामाला गुण द्यावेत, ही मागणी आमच्या पिढीनेच केली होती आणि सत्र पद्धतीने ती तत्त्वतः मान्य केली, हे मी मोकळेपणाने सांगतो. माझा आक्षेप क्रेडिटला नसून क्रेडिटचा हिशेब कागदांच्या थप्पीवर आणून ठेवण्याला आहे.

कलाशिक्षणात वर्गकाम कशाला म्हणायचे, हे आपल्याकडे कायमचे ठरलेले कधीच नव्हते. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत १८५७ साली जे.जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले, तेव्हा हेतू कारागीर घडवण्याचा होता, आणि प्लास्टरच्या ग्रीक पुतळ्यांवरून छायाभेद उतरवणे हा सरावाचा मुख्य भाग बनला. त्याच संस्थेतील जॉन ग्रिफिथ्स हे १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांत जात राहिले आणि तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेत राहिले. पेस्तनजी बोमनजी हे त्याच कामात घडलेले चित्रकार. लंडनला पाठवलेल्या त्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच पुढे आगीत गेल्या, पण लेण्यांतल्या अंधुक उजेडात भिंतीसमोर उभे राहून जे पाहणे झाले, ते जळण्यासारखे नव्हते. पुढे संस्थेचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात जिवंत मॉडेलवरून अभ्यास आणि भित्तिचित्रण यांना वेग आला, आणि विद्यार्थ्यांची चित्रे थेट नव्या दिल्लीतील सचिवालयाच्या भिंतींवर गेली. अजिंठ्याच्या त्या तेरा वर्षांचे आजच्या सूत्राने किती क्रेडिट होतील, असा खट्याळ विचार अधूनमधून माझ्या मनात येतो.

विद्यापीठाची पदवी ही गोष्ट त्यामानाने अलीकडची आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० मध्ये ललित कला विद्याशाखा सुरू झाली आणि मूळचे इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे तिथे चित्रकला विभागाचे प्रमुख झाले. प्रात्यक्षिकाच्या बरोबरीने कलेचा इतिहास आणि कलेविषयी बोलता येणे यांना तिथे मान मिळाला. महाराष्ट्रात कला संचालनालय १९६५ मध्ये स्थापन झाले, पदविका त्याच्या अखत्यारीत चालत राहिल्या, आणि जे.जे. मुंबई विद्यापीठाला १९८१ मध्ये जोडले गेले. २०२३ मध्ये तर जे.जे.लाच अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. म्हणजे निदान एका संस्थेला तरी आपला अभ्यासक्रम आणि आपले रकाने स्वतः ठरवण्याची मोकळीक आता आहे. लहान गावांतल्या संलग्न महाविद्यालयांना ती नाही. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने जो तक्ता छापला, तोच त्यांच्या भिंतीवर लागतो.

पदवी विद्यापीठाची झाल्याने झालेला फायदा मी कमी लेखत नाही. पदवीधराला पदव्युत्तर शिक्षणाची, अध्यापनाची, परदेशी विद्यापीठांची दारे उघडली. परंतु विद्यापीठाला सर्व विषय एका मापाने मोजायची सवय असते. रसायनशास्त्राच्या प्रयोगाला तीन तास पुरतात, कारण प्रयोग तीन तासांत संपेल असाच बेतलेला असतो. चित्र तसे बेतता येत नाही. शिवाय एकाच आठवड्यात हेडस्टडीचे आठ तास, रचनाचित्राचे सहा, मुद्राचित्रणाचे चार, त्यात भाषेचा, पर्यावरणाचा आणि भारतीय ज्ञानप्रणालीचा तास असे तुकडे पाडले की, सोमवारी लावलेला रंग गुरुवारी अर्धवट सुकलेला असतो आणि सोमवारचा मनातला धागा तर कधीच तुटलेला असतो. इतर विषय शिकूच नयेत असे मी म्हणत नाही. भाषेचा तास तर कलाविद्यार्थ्याला फारच आवश्यक आहे. माझे म्हणणे एवढेच की, सलग आठ दिवस सकाळचे तीन तास एकाच चित्रासमोर उभे राहण्याची सोय आजच्या वेळापत्रकात उरलेली नाही. ती परत आणायला एक पैसाही लागत नाही, फक्त तक्ता वेगळा आखावा लागतो.

ज्याला पैसा लागतो, त्याविषयीही लिहिले पाहिजे. चित्रकलेच्या वर्गात शिकवणे म्हणजे व्याख्यान देणे नव्हे. शिक्षक वर्गात फिरत असतो, मुलाच्या मागे दोन मिनिटे न बोलता उभा राहतो, मग म्हणतो, “दोन पावलं मागे ये आणि डोळे किलकिले करून बघ.” हे वाक्य योग्य क्षणी बोलता यावे, यासाठी शिक्षक दिवसभर तिथे असावा लागतो. अनेक महाविद्यालयांत आज निम्म्याहून अधिक भार तासिका तत्त्वावरच्या तरुण शिक्षकांवर आहे, असे मी ज्या ज्या ठिकाणी गेलो तिथे पाहिले. त्यांना तासाचे पैसे मिळतात; तास संपला की ते दुसऱ्या गावची बस पकडतात, आणि पकडलीच पाहिजे, कारण घर चालवायचे असते. मग मुलाचे काम शिक्षकाला दिसते ते पूर्ण झाल्यावर, सबमिशनच्या दिवशी, थप्पीत. जे घडताना पाहिलेले नाही, त्याला गुण कशावरून द्यायचे? संख्येवरून आणि सफाईवरून. रकाने आळसातून आलेले नाहीत. पाहणारा माणूस वर्गात नसल्यामुळे ते आले आहेत.

मॉडेलचे मानधन हा असाच एक दुर्लक्षित खर्च आहे. तो आकस्मिक निधीतून निघतो, निधी संपला की वर्गातली मुलेच आळीपाळीने एकमेकांसमोर बसतात, आणि चार वर्षे वीस-बावीस वर्षांचेच चेहरे रंगवून मूल पदवीधर होते. सुरकुतलेली मान, दात पडल्याने बसलेले गाल, उन्हाने रापलेले कपाळ त्याने कधी रंगवलेलेच नसते. साहित्याचा खर्च तर सर्वस्वी विद्यार्थ्याच्या खिशातून जातो. शिष्यवृत्तीने शुल्क भागते, पण कॅनव्हास, तैलरंग, जस्ताचे पत्रे, इंपिरियल कागद यांचा भार उरतोच. ऊसतोड मजुराच्या मुलाला आणि शहरातल्या डॉक्टरच्या मुलीला एकाच आकाराचे दहा कॅनव्हास मागणे ही वरवर समान दिसणारी, पण मुळीच समान नसलेली मागणी आहे. स्केचबुक ही त्यातल्या त्यात स्वस्त गोष्ट आहे. पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वहीसुद्धा चालते. माझ्या एका विद्यार्थिनीने चार वर्षे तशाच वह्यांत काम केले.

लेखी विषयांबद्दल थोडक्यात लिहितो. कलेच्या इतिहासाच्या उत्तरपत्रिका तपासताना इटलीतील प्रबोधनकाळावर चार चार पाने मिळत. भाषा मार्गदर्शिकेतून उचललेली असे, पण निदान पाने भरलेली असत. औंधच्या श्री भवानी संग्रहालयाविषयी एक ओळ मात्र कोणी लिहिलेली मला आठवत नाही. सातारा जिल्ह्यातल्या डोंगरावर औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या या संग्रहालयात राजा रविवर्मा यांची मूळ चित्रे आहेत आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे ‘माता व बालक’ हे शिल्पही आहे. कराडहून किंवा सांगलीहून सकाळी निघालेली मुले संध्याकाळी परत येऊ शकतात. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यातली भित्तिचित्रे आहेत, कोकणात पिंगुळीला चित्रे दाखवत कथा सांगण्याची चित्रकथी परंपरा आहे. एका चित्रासमोर दोन तास बसून, त्याची लहान प्रतिकृती करून, त्याविषयी मराठीत दोन पाने लिहायची, या कामाला लेखी परीक्षेतल्या एका प्रश्नाइतके जरी गुण ठेवले, तरी मार्गदर्शिकेचा धंदा निम्म्याने बसेल.

मग करावे काय? मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक प्रात्यक्षिक विषयात पूर्ण कामांची संख्या कमी करावी. दहा हेडस्टडींऐवजी पाच मागाव्यात, पण त्या पाचांसोबत त्यांची प्राथमिक रेखाटने, फसलेले प्रयत्न, रंगांच्या चाचण्या यांची फाइल मागावी आणि तिला अंतिम चित्राइतकेच गुण असावेत. स्केचबुकाची संख्या ठरवूच नये. त्याऐवजी शिक्षकाने दर आठवड्याला ते उघडून तारीख घालून सही करावी, आणि प्रत्यक्ष पाहून केलेले काम कोणते व छायाचित्रावरून केलेले कोणते, हे विद्यार्थ्याने स्वतः पानाखाली लिहावे. छायाचित्र वापरणे गुन्हा नाही, ते लपवावे लागणे वाईट आहे. सत्रात दोन आठवडे इतर सर्व तास बंद ठेवून एकच काम करू द्यावे. आणि महिन्यातून एकदा सर्वांची कामे भिंतीला लावून त्यांवर उघड चर्चा व्हावी, जिच्यात मुलांनी एकमेकांच्या कामाविषयी बोलावे. या चर्चेला वेळापत्रकात तास आणि शिक्षकाला त्या तासाचे पैसे असावेत.

अभ्यास मंडळांवर काम केलेल्या मित्रांकडून यावर मिळणारे उत्तर मला माहीत आहे. ते म्हणतात, संख्या मोजता येते, पाहणे मोजता येत नाही. उद्या विद्यार्थ्याने पुनर्मूल्यांकन मागितले तर पुरावा काय दाखवायचा? आणि शिक्षकाच्या हाती इतके गुण दिले तर वशिला चालेल. दुसरी भीती खरी आहे, मी ती झटकून टाकणार नाही. लहान गावात तर कोण कोणाचा भाचा हे सर्वांना माहीत असते. पण तारखा घातलेले स्केचबुक आणि टप्प्याटप्प्याची फाइल हा शेवटच्या एका चकचकीत कागदापेक्षा कितीतरी पक्का पुरावा आहे. बाहेरच्या परीक्षकाने ती फाइल उलटून विद्यार्थ्याला पाच प्रश्न विचारले, तर काम त्याचे आहे की नाही, हे दहा मिनिटांत कळते. आज संगणकाला दोन ओळी लिहून दिल्या की तो रचनाचित्रही करून देतो आणि ते छापून त्यावर ब्रश फिरवणारेही आहेत, असे माझे तरुण सहकारी सांगतात. अशा काळात केवळ अंतिम कागदाला पुरावा मानणे ही सावधगिरी म्हणता येणार नाही.

आणखी एक आक्षेप उपयोजित कलेच्या शिक्षकांकडून येतो. बाहेर जाहिरातसंस्थेत मुदतीला किंमत असते, ठरलेल्या दिवशी ठरलेली दहा कामे द्यावीच लागतात, मग मुलांना त्याची सवय नको का? त्यांच्या विभागापुरते ते मला पटते. तिथे मुदत हाच अभ्यासाचा भाग आहे आणि तो तसा ठेवावा. मात्र एका विभागाची गरज दुसऱ्याच्या तक्त्यात तशीच चिकटवू नये.

शेवटी आपल्यालाच एक विनंती. पुढील वर्षी ती चार ओळींची चौकट छापाल तेव्हा, जागा असल्यास, तिच्यात आणखी एक ओळ घालावी : प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयात प्रत्यक्ष जावे, भिंतीवर लावलेली बक्षीसपात्र चित्रे पाहून झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या कोणत्याही चार मुलांची स्केचबुके पाहायला मागावीत, आणि मॉडेल आठवड्यातून किती दिवस बसते, हे शिक्षकांना न विचारता त्या मुलांना विचारावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कलाध्यापक, कराड